जुन्या पेडलास नवें काम

वादकाचे दोन्ही हात वाद्यावर गुंतलेले असतांना आवाज चढवावयाचा किंवा उतरवावयाचा तो कोणीं? पायपेटी वाजविणाराचे पाय भाता चालवीत असत. विजेच्या वाद्यांत भाता उरला नाहीं, परंतु पायाचें काम मात्र संपलेलें नाहीं. गिटारबरोबर घेतलेलें एखादें जुनें व्हॉल्यूम-पेडल पुष्कळ घरीं माळ्यावर धूळ खात पडलेलें असतें. त्याचा सांगाडा धडधाकट असतो. झिजलेला असतो तो आंतील एक लहानसा भाग. अशा पेडलाकडून संगणकावरील वाद्यांस हुकूम कसे देववितां येतील, तें आज पाहूं.

निरनिराळ्या कारखान्यांच्या वाद्यांना एकमेकांशीं बोलतां यावें म्हणून १९८३ सालीं 'मिडी' नांवाची सांकेतिक भाषा प्रचारांत आली. डेव्ह स्मिथ व इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख पुरस्कर्ते. मिडीच्या तारेंतून नाद वाहत नाहीं. वाहते ती आज्ञा. भातखंड्यांच्या स्वरलिपींत उतरविलेली बंदिश गळा भेटेपर्यंत मुकीच असते, तसेंच हें. पेडलाची आज्ञा तीन अंकांची असते. १७६, ११, ९० या आज्ञेचा अर्थ असा: पहिल्या वाहिनीवर, 'एक्स्प्रेशन' नांवाचा गुण, ९० इतका करा. हा शेवटचा अंक ० पासून १२७ पर्यंत असतो. मूळच्या मिडी-तारेंतून सेकंदास ३१,२५० बिट जातात; त्यामुळें अशी आज्ञा जाण्यास सुमारें एक सहस्रांश सेकंद पुरतो.

आतां पेडल उघडूं. आंत दांत्यांच्या पट्टीनें किंवा दोरीनें फिरणारा पोटेन्शिओमीटर दिसेल. गिटारच्या पेडलांत तो बहुधा मोठ्या रोधाचा व असमान चढणीचा असतो. तो काढून त्याच जाडीच्या दांड्याचा, १० किलो-ओहमचा, समान चढणीचा बसवावा. मायक्रोकंट्रोलर 'आर्डुइनो लिओनार्डो' सारखा घ्यावा. कारण तो यूएसबीच्या तारेनें संगणकास जोडला असतां स्वतःच मिडी-वाद्य म्हणून ओळख देऊं शकतो. पोटेन्शिओमीटरचें एक टोंक ५ व्होल्टास, दुसरें भूमि-तारेस व मधलें टोंक अ‍ॅनालॉग खुंटीस डाखावें. पेडल हलेल तसा मधल्या टोंकावरील दाब बदलतो व मायक्रोकंट्रोलर तो ० ते १०२३ अशा अंकांत मोजतो. त्यास आठांनीं भागलें कीं झालें, असें वाटतें. परंतु खरी मेख पुढेंच आहे.

पहिली अडचण अशी कीं, पेडल पोटेन्शिओमीटरास पुरतें फिरवीत नाहीं. समजा, टांच दाबली असतां १२० व चवडा दाबला असतां ९०० असे अंक मिळाले. नुसता भागाकार केल्यास १५ ते ११२ एवढाच पल्ला हातीं येईल. गीत संपतांना नाद पुरता विरावा, तेथें तो रेंगाळत राहील. म्हणून दोन्ही टोंकें प्रत्यक्ष मोजावीं, तीं किंचित आंत, म्हणजे १३० व ८९० धरावीं आणि त्यांमधील पल्ला ० ते १२७ वर पसरावा.

दुसरी अडचण कंपनाची. पाय स्थिर असला तरी मोजणी एकदोन अंकांनीं डळमळते. प्रत्येक डळमळीस आज्ञा सुटली, तर संगणकाकडे निरर्थक आज्ञांचा पूर लोटतो. यावर उपाय सोपा: आठ मोजण्यांची सरासरी घ्यावी आणि मागील आज्ञेच्या वेळच्या मोजणीहून निदान सहा अंकांचा फरक पडल्यावांचून नवी आज्ञा धाडूं नये. टोंकें आंत धरलेलीं असल्यानें शून्य व १२७ हे दोन्ही तरीहि हटकून गांठतां येतात.

शेवटीं एक इशारा. शिवणयंत्राच्या विजेच्या मोटारीचें पेडलहि दिसावयास असेंच असतें. परंतु त्यांतून घरांतील २३० व्होल्टांची वीज खेळत असूं शकते. तें या कामीं कदापि जोडूं नये. नियंत्रक तर जळेलच, पण जिवावरहि बेतेल. जुनी वस्तु पुन्हां उपयोगांत आणणें ही काटकसर खरी. पण तिच्या पोटांत काय आहे हें आधीं समजून घेतलें, तरच ती शहाणपणाची ठरते.