हवा असलेला खेळाडू मिळवताना

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा संघ मैदानावर उतरण्याच्या कितीतरी आधी मुलांच्या घरी बांधला जातो. प्रशिक्षक शाळेचे सामने पाहतात, चित्रफिती तपासतात आणि आई-वडिलांना भेटायला घरी जातात. पूर्वी त्यांना उघडपणे देता येई ती मुख्यतः शिष्यवृत्ती. खेळाडूंना चोरून पैसे पुरवल्याबद्दल सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा १९८७चा अख्खा हंगाम रद्द झाला होता.

जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर कमावण्याची मुभा मिळाली. २०२५-२६पासून विद्यापीठे त्यांना उत्पन्नातला वाटाही थेट देऊ शकतात. पहिल्या वर्षाची मर्यादा सर्व खेळ मिळून सुमारे २.०५ कोटी डॉलर. ज्यांच्या खेळामुळे स्टेडियम भरतात, त्यांना हा हक्क फार उशिरा मिळाला.

पण नुसत्या पैशाने भागत नाही. प्रशिक्षक निक सेबन यांच्या काळात अलाबामा विद्यापीठाने ६ राष्ट्रीय विजेतेपदे जिंकली. तिथून एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये गेलेल्या खेळाडूंची रांग हेच नव्या मुलांसाठी मोठे आमिष होते.

आता मुलगा टिकवणेही तितकेच अवघड. २०२४च्या नियमानुसार अभ्यासाच्या अटी पूर्ण करणारा खेळाडू कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळू शकतो.