कोलामी म्हणजे मोडकी मराठी नव्हे

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात कोलामीबद्दलचा सर्वांत पक्का समज म्हणजे ती मराठीचीच बोली, जरा मोडकीतोडकी. पांढरकवड्याच्या बाजारात कोलाम आदिवासी वऱ्हाडीत भाव करतो, तेवढंच कानावर पडतं, म्हणून असं वाटतं.

भाषेची जात बघायची तर बाजार सोडून अंगाचे आणि घरचे शब्द घ्यावेत. कोलामीत डोळा 'कन्', दात 'पल्', पाणी 'ईर्'. तमिळमध्ये 'कण्', 'पल्', 'नीर्'. कोलामी द्राविडी आहे, मराठीच्या कुळातली नाही. व्याकरणही तेच सांगतं. मराठीत 'तो, ती, ते'. कोलामीत पुरुषासाठी 'अम्द' आणि बाकी सगळ्यांसाठी 'अद्'. त्या 'अद्'मध्ये बाई, बैल आणि बाज एकत्र! (बायकांनी रागावू नये, तेलुगूतही थोडंफार असंच आहे.)

मग तेलुगूचीच पोटभाषा का? तीही नाही. 'ओक्कोद, इंदिंग, मूंदिंग, नालिंग' हे आकडे तिचे स्वतःचे. पाचापासून पुढचे तेलुगूतून उसने. उसनवारीने कूळ बदलत नाही. कोरियन भाषेने चिनीतून ढिगाने शब्द घेतले, म्हणून ती चिनी झाली नाही.

नाव 'को'ने सुरू होतं म्हणून कोलाम, कोरकू, कोळी एका दावणीला बांधणं तर हास्यास्पदच. मेळघाटातली कोरकू मुंडा कुळातली. गोंडी द्राविडी खरी, पण दुसऱ्या शाखेची. कोलामीचं जवळचं नातं नाईकीशी आणि बस्तरच्या परजीशी. आदिलाबादकडे गोंड कोलामांना 'पुजारी' म्हणतात, देवकार्याला बोलावतात. भाषा मात्र दोघांच्या वेगळ्या.

लिपी नाही म्हणून व्याकरण नाही, हाही असाच एक समज. सेतुमाधवराव पगडी, आपले इतिहासकार, यांनी १९५० मध्ये कोलामीचं व्याकरण छापलं. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांचा कोलामीवरचा मोठा ग्रंथ १९५५चा. लिहायची वेळ आली की आपल्याकडे देवनागरी, पैनगंगेपलीकडे तेलुगू लिपी.

यवतमाळबरोबर वर्धा, चंद्रपूर, नांदेड आणि तेलंगणातलं आदिलाबाद हा कोलामीचा मुलूख. २०११च्या जनगणनेत १ लाख २८ हजारांवर लोकांनी ती मातृभाषा नोंदवली. कोलाम असला की कोलामी बोलणारच, असं मात्र धरू नये. कित्येक घरांत आता पोरांशी मराठीच बोलतात.