एक ढीग मोजायचा, बाकीचं गुणून काढायचं

"लॉजिकमध्ये पीएचडी करायची तर गणित विभागात जायचं की कॉम्प्युटर सायन्समध्ये?" बीएस्सीची मुलं हमखास विचारतात. आमच्या पवईत, म्हणजे आयआयटी मुंबईत, बरंच काम कॉम्प्युटर सायन्समध्ये चालतं. त्यातलंच एक उदाहरण बघा.

100 चलांचं एक तार्किक सूत्र घ्या. प्रत्येक चल खरं किंवा खोटं, म्हणजे शक्यता 2 चा 100वा घात. त्यांपैकी किती शक्यतांत सूत्र खरं ठरतं? असं एक उत्तर शोधणारे प्रोग्रॅम, सॅट सॉल्व्हर, बऱ्याचदा छान चालतात. सगळी उत्तरं मोजणं मात्र भलतंच अवघड. अंदाजे मोजता येईल हे स्टॉकमायरने 1983 मध्ये दाखवलं, पण कागदावर. मोठ्या सूत्रांवर खरंच चालेल अशी पद्धत पवईचे सुप्रतीक चक्रवर्ती, कुलदीप मील आणि मोशे वार्डी यांनी 2013 मध्ये मांडली: अ‍ॅप्रॉक्सएमसी.

घाटकोपरला सकाळच्या लोकलमधली माणसं मोजायचीत. एक डबा मोजून 12 ने गुणलंत तर फसाल. जिन्यासमोरचा डबा आणि शेवटचा डबा सारखे भरत नाहीत. उत्तरंही अशीच एका जागी गर्दी करतात. म्हणून डबे आपणच पाडायचे, नाणं उडवून. प्रत्येक चलासाठी नाणेफेक: छापा आला तर ते निवडायचं. मग आणखी एक फेक: निवडलेल्यांतली खरी चलं सम हवीत की विषम? अशी एक अट सरासरीने निम्मी उत्तरं गाळते. 10 अटी घातल्या की 1024 ढीग. एका ढिगात सॉल्व्हरला 37 उत्तरं सापडली, तर अंदाज 37 × 1024 = 37,888. एखादी फेरी चुकू शकते, म्हणून बऱ्याच फेऱ्या करून मध्यक घ्यायचा.

हा अंदाज भरवशाचा कशावरून? कुठलीही दोन उत्तरं घ्या, एक आपल्या ढिगात पडलं म्हणून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही. चेबिशेव्हच्या असमानतेला एवढं पुरतं, आणि ती तर बीएस्सीतच शिकवतात! सगळी उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असं समजून मी महिनाभर चुकीची सिद्धता लिहीत बसलो होतो. दोन चलांवर करून बघा: 00, 01 आणि 10 एकाच ढिगात आली, की 11 येणारच.

अडचण अशी की प्रत्येक अटीत साधारण निम्मी चलं येतात, आणि इतक्या लांब अटींनी सॉल्व्हर दमतो. अटी आखूड केल्या तर वेग वाढतो, पण वरची सिद्धता तशीच लागू होत नाही. नेमकी कुठे अडते, ते वही घेऊन शोधा.