एकीचा जमाखर्च

एप्रिल महिना आला की आमच्या सेनगावसारख्या तालुक्याच्या गावीही निळे झेंडे लागतात. वर्गणीच्या पावत्या फाटतात, समितीच्या बैठका रात्री उशिरापर्यंत चालतात, मिरवणुकीत लहानथोर, बायाबापड्या एका रांगेत चालतात. हे पाहून ऊर भरून येतो. परंतु मे महिना उजाडतो आणि समितीची वही कोणाच्या तरी फळीवर धूळ खात पडते. जून-जुलैत एखाद्या सफाई कामगाराचा तीन महिन्यांचा पगार अडतो, दिवाळीनंतर वस्तीतील निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात, तेव्हा एप्रिलमधील ती गर्दी कोठे असते? नोकरदार आपल्या कचेरीत, दुकानदार आपल्या दुकानात, आणि ज्याचे अडले तो एकटाच साहेबाच्या दारात!

कारकुनी करणाऱ्या माणसाला कोणत्याही गोष्टीकडे जमा आणि खर्च अशा दोन बाजूंनी पाहण्याची सवय असते. एकी हीसुद्धा अशीच पाहावी. तिच्यात कोण काय जमा करतो आणि खर्च कोणाच्या खात्यावर पडतो? या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांच्या कामगार चळवळीत फार स्पष्ट मिळते.

धोट्यातला धागा

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. सुमारे दीड लाख कामगार त्यात होते आणि तो जवळजवळ सहा महिने चालला. कामगारांनी मालकांपुढे सतरा मागण्या ठेवल्या होत्या. त्या सर्वांच्या पोटापाण्याच्या होत्या. पण त्याच गिरण्यांत एक गोष्ट अशी होती की जिच्याविषयी कामगारांचे पुढारीही गप्प होते. कापड विणण्याच्या खात्यात पगार जास्त मिळे आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगाराला पाऊल ठेवता येत नसे. कारण काय, तर धोट्यातील कांडी संपली की नवीन कांडी घालून धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा आपण कसा हातात घ्यावा, असे सवर्ण कामगारांचे म्हणणे. मालक दोघांनाही सारखाच पिळत होता, पण पिळले जाणारे एकमेकांचा धोटा शिवायला तयार नव्हते!

बाबासाहेबांनी संघटनेच्या पुढाऱ्यांना सांगितले की, सर्व खात्यांत काम करण्याचा आमच्या लोकांचा हक्क तुमच्या मागण्यांत आला पाहिजे, नाहीतर आमच्या लोकांना संपापासून दूर राहण्यास मी सांगेन. पुढाऱ्यांनी नाइलाजाने का होईना ती गोष्ट मान्य केली. १९२९ साली पुन्हा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी त्याला विरोध केला. आधीच्या संपाने कर्जात बुडालेली घरे त्यांच्या डोळ्यांपुढे होती.

यावर काही लोक त्या वेळी म्हणत आणि आजही म्हणतात की, जातीचा प्रश्न काढल्याने कामगारांची एकी मोडते. आपण वहीची दोन्ही पाने उघडून पाहू. ज्या एकीत एकाने पगारवाढ घ्यावयाची आणि दुसऱ्याने अपमान गिळून गप्प राहावयाचे, त्या एकीचा सगळा खर्च दुसऱ्याच्याच खात्यावर पडतो. अशी एकी ताळेबंदात फार दिवस जुळत नाही.

मनमाडची परिषद

मराठवाड्यातून मुंबईकडे निघालेल्या माणसाला मनमाड जंक्शन चांगले ठाऊक आहे. निजामाची रेल्वे तेथे जी. आय. पी. रेल्वेला मिळत असे. त्या मनमाडला १२ व १३ फेब्रुवारी १९३८ रोजी रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली भरली. रेल्वेत आपली माणसे हजारो होती, पण ती बहुतेक गँगमन म्हणून, उन्हातान्हात रूळ सांभाळीत होती. साधे पोर्टरचे कामही त्यांना मिळत नसे, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे कामही करावे लागे आणि तेथे अस्पृश्य चालत नसे. ज्या नोकरीला मोठ्या शिक्षणाची गरज नाही तीही जातीने अडवून धरलेली.

त्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की, आपल्या कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखाद्या जातीची माणसे असा अर्थ त्यांनी केला नाही. स्वातंत्र्य, समता व बंधुता यांचा नकार म्हणजे ब्राह्मणशाही, आणि ती सर्व वर्गांत शिरलेली आहे, असे ते म्हणाले. म्हणजे ती आपल्यातही असू शकते. पक्का नोकर रोजंदारीवाल्याला वेगळ्या कपात चहा देतो, बाबू शिपायाला अरे-तुरे करतो, वस्तीत शिकलेल्याचे घर न शिकलेल्याच्या घराशी सोयरीक टाळते. हे वाचताना आपापल्या घराकडे एकवार पाहावे.

याच काळात बाबासाहेबांनी दुसऱ्यांच्या हातात हातही दिला. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. त्यात महार होते, तसे कुणबीही होते. पुढे त्याच वर्षी कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणारे विधेयक आले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप झाला. दहा वर्षांपूर्वी ज्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांशी बाबासाहेबांचे खटके उडाले होते, त्यांच्याच बरोबर ते या संपात उभे होते. कायदा व्हायचा तो झाला. परंतु आपले स्वाभिमानाचे खाते चोख ठेवूनही दुसऱ्यांशी व्यवहार करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ साली त्यांनी एक विधेयक मांडले की, मालकाने कामगार संघटनेला मान्यता दिलीच पाहिजे. त्यांच्याच कारकिर्दीत कारखान्यातील आठवड्याचे कमाल तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती झाली. आज कोणत्याही जातीचा, कोणत्याही धर्माचा कामगार आठ तासांनंतर घड्याळाकडे पाहतो, त्यामागे हा इतिहास आहे.

ठराव आणि पाणी

कामाच्या जागेवर जे खरे, तेच गावच्या कारभारातही. रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा त्याचा अर्थ. महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. पण ठराव दप्तरात राहिला आणि पाणी तळ्यात राहिले. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागोमाग तळ्यावर गेली, तेव्हा त्या ठरावाला पहिल्यांदा अर्थ आला. त्या कामी सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे असे स्पृश्य समाजातील सहकारीही बरोबर होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने आपल्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षे हे प्रकरण लावून धरणारी माणसे होती, म्हणून निकाल लागला.

मी रोज फायलींमध्ये बसतो, म्हणून सांगतो. कागद स्वतःहून चालत नाही. त्याच्या मागे माणूस लागतो, आणि एका माणसामागे दहा माणसे लागतात.

आपल्या गावी काय?

आमच्याकडे गिरण्या नाहीत. सोयाबीन, कापूस, हळद यांची शेती, बाजारातील हमाली, कचेऱ्या, शाळा, दवाखाना, बांधकाम आणि ऊसतोड, हीच आमची कामाची ठिकाणे. येथे माणसे विखुरलेली असतात. कंत्राटदाराकडे पाच, आडतीवर सात, शाळेत स्वयंपाकाला दोन बाया. म्हणून आपल्याकडे संघटना होऊ शकत नाही, असे पुष्कळांना वाटते.

पण हमालसुद्धा विखुरलेलेच होते. पुण्यात बाबा आढावांनी त्यांची हमाल पंचायत उभी केली. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि पाठीवर ओझे वाहणाऱ्यालाही मंडळाकडे नोंद, मजुरीचा हिशेब, भविष्य निर्वाह निधी या गोष्टी मिळू लागल्या. हमाल पंचायतीने पुढे ‘कष्टाची भाकर’ नावाची स्वस्त जेवणाची केंद्रे काढली. मजुरीसाठी जमलेली माणसे एकमेकांच्या पोटाचीही काळजी घेऊ लागली. यालाच मी समाज म्हणतो.

अलीकडे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून, देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांच्यावर कामगार संघटनांचे आक्षेप आहेत आणि त्यांचा अभ्यास आपण केला पाहिजे. संघटनेच्या नोंदणीला किमान सात जण लागतात. जेथे अनेक संघटना आहेत तेथे ५१ टक्के कामगार जिच्याकडे, तीच वाटाघाटीला बसणार. म्हणजे आता एकेका माणसाचे मोल वाढले आहे. जात पाहून, पक्ष पाहून चार तुकडे केले तर एकटीच्या बळावर बोलणी करील अशी एकही संघटना उरणार नाही.

वही, वर्गणी आणि वेळ

मग आरंभ कोठून करावा? आपल्या घरातूनच करावा. आपल्या माताभगिनींचे बचत गट पाहा. ठरलेल्या दिवशी बैठक, ठरलेली बचत, वहीत नोंद, कर्ज कोणाला दिले ते सर्वांसमोर. ज्या बाईने शाळेचे तोंड पाहिले नाही तीही आपल्या गटाचा हिशेब पैशापैशाने सांगते. पुरुषांच्या मंडळात मात्र हिशेब विचारला की माणूस रागावतो! आपली बहुतेक मंडळे विचारभेदामुळे फुटत नाहीत, न दाखविलेल्या हिशेबामुळे फुटतात. हे कडू आहे, पण खरे आहे.

म्हणून माझी वाचक बंधुभगिनींना विनंती अशी आहे. जयंती समिती एप्रिलनंतर मोडू नका, तिलाच बारा महिन्यांची समिती करा. वर्गणी थोडी, पण दरमहा घ्या. पावती द्या. जमाखर्च महिन्याच्या शेवटी विहाराच्या फळ्यावर खडूने लिहा. चिटणीस दरवर्षी बदला आणि खजिनदाराच्या जागी एखाद्या भगिनीला बसवा.

दर महिन्याला एकच काम हाती घ्या, पण ते तडीस न्या. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्यापूर्वीच करा. मुकादमाकडून उचल किती घेतली त्याचा कागद लिहून घ्या, मजुराचे ओळखपत्र झाले की नाही ते पाहा. मुले शाळेतच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची मागणी मुख्याध्यापकांकडे वेळेत द्या. यादीत आपलीच घरे नकोत, बंजारा, धनगर, मराठा, मुसलमान, ज्या कोणाच्या हातात कोयता आहे त्या सर्वांची नावे घाला. ग्रामसभेला दहा जण मिळून जा आणि मागच्या सभेच्या ठरावाचे काय झाले हा एकच प्रश्न विचारा. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालापासून आहे, एक अर्ज मुलामुलींकडून लिहवून घ्या. तेवढाच त्यांचा नागरिकशास्त्राचा धडा पक्का होईल.

आणि नोकरदार बांधवांना शेवटचे सांगणे. आपण खुर्चीवर बसलो ते चळवळीच्या जमेवर. कंत्राटी सफाई कामगाराच्या पगारातून निधी कापला जातो, तो त्याच्या खात्यात भरला जातो की नाही, हे त्याला कळत नाही. आपल्याला दोन मिनिटांत कळते. त्याच्यासाठी ती दोन मिनिटे काढणे हे उपकार नव्हेत. ते देणे आहे, आणि देणे दुसऱ्या वर्षाच्या वहीत ओढीत नेऊ नये.