जुना मोबाइल विकताना त्याचा ऐब सांगायचा का?

ओएलएक्स असो, फेसबुक मार्केटप्लेस असो की आपल्या मोहल्ल्याचा व्हॉट्सअॅप ग्रुप, जुन्या वस्तूच्या जाहिरातीत एक वाक्य ठरलेलं असतं: "कंडिशन एकदम मस्त, काहीच प्रॉब्लेम नाही." यावर वर्गात बोलणं निघालं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "सर, घेणारा बघून घेतो ना? मग आपण कशाला सांगायचं?" प्रश्न चांगला आहे. कारण इथेच देशाचा कायदा आणि शरीअत यांच्यात थोडा फरक पडतो.

1872 च्या भारतीय करार कायद्यात कलम 17 मध्ये फसवणूक म्हणजे काय ते सांगितलंय. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकली तर ती फसवणूक, पण नुसतं गप्प बसणं सहसा फसवणूक ठरत नाही. कायद्यातच घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात एकाने दोष असलेला घोडा विकला, त्याला दोष माहीत होता, तो काही बोलला नाही; ही फसवणूक नव्हे. पुढचं उदाहरण वाचण्यासारखं आहे: तोच घोडा घेणारी त्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी असेल, तर मात्र नात्यामुळे सांगणं त्याचं कर्तव्य आहे. म्हणजे कायदा जो हक्क पोटच्या मुलीला देतो, तो शरीअत अनोळखी गिऱ्हाइकालाही देते.

सहीह मुस्लिममधली हदीस बहुतेकांना ठाऊक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओलावा लागला. विक्रेता म्हणाला, पाऊस पडला होता. आपण (स.) त्याला विचारलं की मग ओलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, आणि धोका देणारा आपल्यातला नाही असं बजावलं. विक्रेता तोंडाने खोटं बोललेला नव्हता, ही गोष्ट आपण विसरतो. तो फक्त गप्प होता. आणि गिऱ्हाईक मुस्लिम की गैरमुस्लिम, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

आता ऐब कशाला म्हणायचं? हनफी फिकहमध्ये याचं माप अगदी व्यवहारी आहे: व्यापाऱ्यांच्या रिवाजात ज्यामुळे किंमत कमी होते, तो ऐब. मोबाइलच्या पाठीवरचा ओरखडा फोटोत स्वच्छ दिसत असेल तर वेगळं सांगायची फारशी गरज नाही. पण डिस्प्ले बदललाय, फोन एकदा पाण्यात पडलाय, बॅटरी दुपारपर्यंतच टिकते, हे फोटोत दिसणार नाही. फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागतो, स्कूटरचा अपघात झालाय, गाडीवर कर्जाचा बोजा आहे, हेही नाही. आणि तडा गेलेला कोपरा बाहेर ठेवून फोटो काढणं म्हणजे ओलं धान्य खाली दाबणंच झालं.

"जशी आहे तशी, नंतर तक्रार चालणार नाही" असं लिहून सुटका होते का? यात मसलकांचं एकमत नाही. हनफी मसलकात सर्व ऐबांतून बरी होण्याची अशी अट धरली जाते. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई आहेत, आणि त्या मसलकात ही अट बहुतांशी चालत नाही. जनावराच्या आतल्या, विकणाऱ्याला माहीत नसलेल्या दोषापुरती सूट आहे. पण अट धरली तरी माहीत असलेला ऐब दडवल्याचा गुनाह त्या एका ओळीने धुतला जात नाही.

घेणाऱ्यासाठीही थोडं. विक्रीच्या आधीचा ऐब नंतर सापडला तर त्याला खियार-ए-ऐब आहे, म्हणजे वस्तू परत करून पूर्ण पैसे मागायचा हक्क. हनफींच्या मते वस्तू ठेवायची असेल तर ठरलेल्या किमतीतच ठेवावी. ठेवूनही पैसे कापून मागता येत नाहीत. दोघांनी राजीखुशीने किंमत कमी केली तर गोष्ट वेगळी. मात्र ऐब कळल्यावरही महिनाभर फोन वापरत राहिलात, तर ती तुमची मंजुरी समजली जाते. म्हणून कळताच वापर थांबवा आणि विकणाऱ्याला कळवा.

आणखी एक: सेकंडहँड फोन घेताना त्याचा 15 अंकी आयएमईआय नंबर संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. काळ्या यादीत असेल तर तिथे कळतं. चोरीचा फोन असेल तर ऐब सांगण्याचा सवालच उरत नाही, त्याची विक्रीच नाजायज.

इमाम अबू हनीफा स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या चरित्रात येतं, की भागीदाराला त्यांनी एका कापडातला दोष गिऱ्हाइकाला सांगून विकायला सांगितलं होतं. तो विसरला, आणि गिऱ्हाईक कोण होतं तेही आठवेना. तेव्हा इमामांनी त्या मालाची सगळी रक्कम सदका करून टाकली. आपल्याकडे निदान गिऱ्हाइकाचा नंबर चॅटमध्ये असतो.

जाहिरात कशी लिहावी, असं पालक विचारतात. एवढं पुरेसं आहे: "3 वर्षं वापरलेला फोन. डिस्प्ले बाहेरून बदललाय, कंपनीचा नाही. बॅटरी दुपारपर्यंत जाते. बिल आहे, चार्जर नाही. घरी येऊन तपासून घ्या." किंमत हजारभर कमी येईल, पण तेवढीच त्या फोनची खरी किंमत आहे.