अर्ध्या तोळ्याची दोरी, तळहाताएवढा मासा

बुलढाणा जिल्हा म्हटलं की लोणार आठवतं, शेगाव आठवतं, सिंदखेड राजा आठवतो. मासे कुणाला आठवत नाहीत. तरी नळगंगा, पेनटाकळी, खडकपूर्णा, कोराडी यांच्या काठावर संध्याकाळी कुणी ना कुणी बांबूची काठी धरून बसलेलं असतंच. गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी, दोरीला मोरपिसाची देठी, आणि नजर त्या देठीवर खिळलेली. याच पाण्यात, याच माशांसाठी हलका फ्लाय रॉड घ्यायचा झाला तर कोणता घ्यावा? उत्तर सोपं आहे, पण तिथवर जाताना वाटेत भलत्याच गमती भेटतात.

आकडा काठीवर, वजन दोरीचं

फ्लाय रॉडवर ३, ४, ५ असा आकडा छापलेला असतो. हे काठीचं वजन नव्हे. ती काठी किती जड दोरी फेकण्यासाठी बनवली आहे, ते हा आकडा सांगतो. साध्या गळाला शिसं बांधतात. शिसं पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. फ्लाय फिशिंगमधलं आमिष, म्हणजेच ‘फ्लाय’, ही हुकावर गुंडाळलेली पिसं आणि केस, त्याला वजन जवळपास नाहीच. म्हणून इथे दोरीच जाड आणि जड असते आणि तीच आमिषाला घेऊन जाते.

हे वजन दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं, ग्रेनमध्ये मोजतात. ३ नंबरची दोरी १०० ग्रेन, ४ नंबरची १२०, ५ नंबरची १४०, आणि थेट ८ नंबरची २१०. आता ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा १८० ग्रेनचा होता. म्हणजे खामगावच्या चांदीबाजारात जुन्या तराजूवर ही दोरी ठेवली, तर ३ नंबर भरेल अर्ध्या तोळ्याहून थोडी जास्त, ५ नंबर पाऊण तोळ्याच्या जरा वर, आणि महसीरसारख्या दांडग्या माशासाठी वापरतात ती ८ नंबर सव्वा तोळ्याच्या जरा आत. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ उभा आहे. पावशेराची तिलापिया ८ नंबरच्या रॉडला लागली तर काठीला पत्ताही लागत नाही. ३ नंबरवर तोच मासा मुठीपर्यंत काठी वाकवतो.

उलटसुलट आकडे

नवख्या माणसाचा गोंधळ इथे होतो. रॉडचा आकडा वाढला की रॉड जड. हुकाचा आकडा वाढला की हुक लहान. १४ नंबरचा हुक ८ नंबरपेक्षा बारीक. टोकाच्या पारदर्शक तंगुसाचा आकडा ‘एक्स’मध्ये असतो, आणि तो वाढला की तंगूस पातळ. त्याचं सूत्र मजेदार आहे: ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितके हजारांश इंच जाडी. ४ एक्स म्हणजे ७ हजारांश इंच. ही पद्धत नायलॉन येण्याआधीची. तेव्हा रेशीमकिड्याच्या ग्रंथीतून ओढलेला तंतू भोकं पाडलेल्या धातूच्या पट्टीतून पुन्हा पुन्हा खेचून बारीक करत. जितक्या वेळा खेचला, तितके एक्स.

ब्लूगिल नाही, तिलापिया आहे

अमेरिकेत हलका रॉड घेतात तो ब्लूगिल, क्रॅपी असे तव्यात मावणारे मासे आणि लहान बास यांच्यासाठी. आपल्या धरणांत बास नाही, ब्लूगिल नाही. पण त्यांची जागा रिकामी नाही. तिलापिया, बाजारातली चिलापी, मूळची आफ्रिकेतली. भारतात ती आली १९५२ साली. अंगाने चपटी, उभी, तळहाताएवढी.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळात ताटलीसारखे गोल खड्डे दिसतात. एकमेकांना लागून, काही वेळा एका रांगेत. हे तिलापियाच्या नराने शेपटी हलवून आणि तोंडाने गाळ उचलून केलेलं घर. मादी त्यात अंडी घालते आणि लगेच ती तोंडात भरून घेते. पिल्लं बाहेर पडली तरी धोका दिसला की आईच्या तोंडात परत शिरतात. त्या दिवसांत मादी जवळजवळ काही खात नाही. ब्लूगिलचा नरही उथळ पाण्यात असेच गोल खड्डे करतो, म्हणून अमेरिकेतलं हलक्या रॉडचं तंत्र इथे बरंचसं लागू पडतं: बारीक हुक, पाण्याखाली बुडणारी अळीसारखी दिसणारी फ्लाय, आणि अगदी सावकाश ओढ.

बासची जागा घेतो मरळ. मोठा मरळ हलक्या रॉडचा घास नव्हे, पण हातभर लांबीच्या आतला मरळ आणि त्याचा बुटका भाऊबंद डोक हे लहान बासइतकेच झुंजार. मरळाला कल्ले पुरत नाहीत. दर थोड्या वेळाने हवा घ्यायला त्याला वर यावंच लागतं. पाण्यावर ‘बुळुक’ आवाज झाला, वर्तुळ उठलं, की तो कुठे आहे आणि कोणत्या दिशेला निघालाय ते कळतं. फ्लाय टाकायची ती त्याच्या पुढे, डोक्यावर नाही.

मानवेलीचा परदेश प्रवास

मला या सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट ही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बांबू उभा चिरून, त्याच्या पट्ट्या तासून आणि एकमेकींना चिकटवून रॉड बनू लागले. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचा बंदूक बनवणारा सॅम्युएल फिलिप याने १८४०च्या दशकात हे काम केल्याची नोंद आहे. पुढे मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांचा रॉड नावारूपाला आणला. आणि हा बांबू कुठला? ‘कलकत्ता केन’. कलकत्ता बंदरातून गेला म्हणून ते नाव. हा बांबू म्हणजे डेंड्रोकॅलॅमस स्ट्रिक्टस असं मानतात, आणि तीच आपली मानवेल! भरीव, चिवट, लाठीला आणि भाल्याच्या दांड्याला चालणारी. जुन्या रॉडवर जळाल्याचे काळपट डाग दिसतात, ती या बांबूची खूण. सातपुड्याच्या अंगाला, मेळघाटात आणि आपल्या अंबाबरवाच्या रानात उगवणारी जात परदेशी उमरावांच्या हातात मासे धरत होती.

नंतर चीनच्या ग्वांगडोंगचा टोंकिन बांबू आला आणि कलकत्ता केन मागे पडली. १९५०मध्ये अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातल्यावर फायबरग्लासचे दिवस आले. १९७३मध्ये फेनविक कंपनीने ग्राफाइटचा फ्लाय रॉड आणला आणि काठी एकदम हलकी झाली. आज ३-४ नंबरचे पुष्कळ रॉड शंभर ग्रॅमच्या आत भरतात.

पिसं आपली, फ्लाय त्यांची

जगभरच्या फ्लायमध्ये मोरपिसाचे हिरवे-तांबूस चमकणारे तंतू गुंडाळतात. पाण्यात ते किड्याच्या अंगासारखे झळकतात. व्हिक्टोरियन काळातल्या सामन माशाच्या देखण्या फ्लायना राखी रानकोंबड्याच्या मानेची ठिपकेदार पिसं लागत, आणि हा पक्षी फक्त भारतातला. रानात गळून पडलेलं मोरपीस वापरायला हरकत नाही. पक्ष्याला हात लावणं मात्र १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा.

राजाचा विरंगुळा

गळाचा छंद साहेबाने आणला हा समज चुकीचा. बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचं प्रकरणच आहे: मासे कोणते, त्यांना चारायचं काय, गळाने धरायचे कसे. साहेबाचं पुस्तक फार नंतरचं. हेन्री सलिव्हन थॉमसचं ‘द रॉड इन इंडिया’ १८७३चं, आणि खास तळ्यातल्या मासेमारीवरचं ‘टँक अँगलिंग इन इंडिया’ १८८७चं.

मग घ्यायचा कोणता?

नुसत्या तिलापियासाठी ३ नंबर, मधल्या वाकाचा (म्हणजे मध्यापर्यंत वाकणारा), साडेसात फुटी. फायबरग्लासचा मिळाला तर उत्तमच. लहान मासा त्यावर जास्त जाणवतो आणि वीस फुटांच्या फेकीतही काठी नीट वाकते. अतिताठ रॉड एवढ्या जवळच्या फेकीत वाकतच नाही. पण धरणाच्या उघड्या काठावर, घाटावर असो की घाटाखाली, दुपारी वारा सुटला की ३ नंबरची दोरी भरकटते. मरळासाठी पाण्यावर तरंगणारा बेडकासारखा पॉपर लावायचा तर त्याला ५ नंबरची ओढ लागते. मागे बाभळी असतील तर दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळत पुढे टाकायची, आणि त्यासाठी लांब रॉड सोयीचा.

म्हणून एकच घ्यायचा असेल तर ४ नंबर, आठ ते साडेआठ फुटी, मधल्या वाकाचा. रीलवर पैसे घालू नका. एवढ्या माशासाठी ती फक्त दोरी ठेवायची जागा आहे. पैसे चांगल्या दोरीवर घाला. पहिले काही दिवस खळ्यात किंवा मैदानावर, हुकाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून हात बसवा.

धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, तेव्हा आधी त्यांना विचारा. लोणार, ज्ञानगंगा, अंबाबरवा ही अभयारण्यं आहेत, तिथे गळ काढूच नका. आणि पाण्यावर पिल्लांचा तांबूस पुंजका फिरताना दिसला, तर त्याच्या खाली राखणीला मरळाची जोडी असते. तिला सोडून द्या.