क्रॅक, टॉरेंट आणि 'फुकटची जाहिरात'

"अहो काका, आम्ही क्रॅक खेळतो म्हणजे उलट त्यांची फुकटात जाहिरातच होते." रायपुरात हे मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय, की समोरच्यानं 'उलट' म्हटलं की पुढचं वाक्य मीच पूर्ण करतो. तात्यापाऱ्यातला शाळकरी मुलगा असो की नव्या रायपूरच्या हॉस्टेलातून सुट्टीला घरी आलेला इंजिनिअर, युक्तिवाद तोच. मोठ्या कंपन्यांच्या क्रॅक, म्हणजे कुलूप फोडून फुकट वाटलेल्या, गेमबद्दल कुणी असं बोललं तर मी वाद घालत बसत नाही. त्यांच्याकडे वकील आहेत, डेनुवोसारखी, कॉपी रोखणारी महागडी कुलपं आहेत. पण हल्ली दोन-तीन माणसांनी घरात बसून केलेल्या गेमसाठीसुद्धा, म्हणजे ज्यांना इंडी डेव्हलपर म्हणतात त्यांच्या मालासाठीही, हेच सांगितलं जातं. आणि तिथे ही शुद्ध थाप आहे.

थाप म्हणतोय म्हणून दुसऱ्या बाजूची थापही आधीच मोडून टाकतो. "जितकी डाउनलोड, तितकी विक्री बुडाली" हा हिशेब कंपन्या करतात तो खोटा आहे. 'फुटबॉल मॅनेजर २०१३' या गेमच्या चोरट्या कॉपी १ कोटी १ लाख वेळा डाउनलोड झाल्या. तो बनवणाऱ्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचे प्रमुख माइल्स जेकबसन यांनीच २०१३ साली जाहीर केलं, की त्यांच्या अंदाजानं यातल्या फक्त १.७४ टक्के लोकांनी गेम विकत घेतला असता. बाकीचे घेणारच नव्हते. माझ्या ओळखीतली क्रॅक खेळणारी मुलं पाहिली तर हा आकडा मला पटतो. हातात खर्चाला पैसे नाहीत, हार्ड डिस्कवर चाळीस गेम, त्यातले पस्तीस कधी उघडलेलेही नाहीत.

आता 'जाहिरात'वाल्यांकडे वळू. यांच्या बाजूनं एक भक्कम पुरावा आहे, आणि गंमत म्हणजे त्यांना तो माहीत नसतो. मीच देतो. युरोपियन कमिशननं एकोरिस या संस्थेकडून ३ लाख ६० हजार युरो मोजून एक अभ्यास करून घेतला. सहा देश, सुमारे ३० हजार लोक. अहवाल २०१५ मध्ये तयार झाला, पण बाहेर आला २०१७ मध्ये, तोही युरोपीय संसदेच्या एका सदस्यानं माहिती मागितल्यावर. त्यात असं दिसलं, की नव्या गाजलेल्या चित्रपटांना पायरसीचा फटका बसतो, गेमच्या बाबतीत मात्र फटका तर दिसत नाहीच, उलट थोडा फायदाच दिसतो. झालं की मग? नाही झालं. एक तर आकड्यांतली अनिश्चितता मोठी आहे, हे अहवालच सांगतो. दुसरं, फायदा का होत असावा याचं कारणही तिथंच सुचवलंय: पैसे भरणाऱ्याला जादा लेव्हल, बोनस वगैरे देऊन कंपन्या फुकट्यांना गिऱ्हाईक करून घेत असाव्यात. ऑनलाइन सामने, नवे पोशाख, दर तीन महिन्यांनी नवा नकाशा. हे ज्याच्याकडे आहे, त्याला फुकट्या खेळाडू उद्याचं गिऱ्हाईक वाटू शकतो. सहा तासांत संपणारी एक गोष्ट सांगणारा गेम ज्यानं तीन वर्षं खपून केला, त्याच्याकडे गेम संपल्यावर विकायला काय उरतं?

आणि जाहिरात म्हणजे नेमकं काय, हेही एकदा बघू. स्टीम या ऑनलाइन दुकानात गेम लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो विक्रीवर, विशलिस्टवर आणि रिव्ह्यूंवर. क्रॅक खेळणाऱ्याची विक्रीत नोंद नाही. त्याला स्टीमवर रिव्ह्यू लिहिता येत नाही, कारण तिथे त्या खात्यावर गेम असावा लागतो. त्यानं रात्रभर जागून गेम संपवला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुकानाच्या लेखी तो जन्मालाच आलेला नाही. राहिली तोंडी प्रसिद्धी. ती होते, नाही असं नाही. पण कशी होते? "भारी गेम आहे रे" यानंतरचं वाक्य "लिंक पाठवतो" असं असतं. जाहिरात झाली ती टॉरेंटची.

त्या लिंकवरून जे उतरतं तेही पाहा. रिपॅकचा, म्हणजे क्रॅक करून पुन्हा बांधलेल्या गेमचा, इन्स्टॉलर उघडला की टुणटुण संगीत वाजतं, मग अँटिव्हायरस बंद करा अशी सूचना येते, आणि सोबतच्या मजकुराच्या फायलीत बऱ्याचदा तळाशी एक ओळ असते: गेम आवडला तर विकत घ्या, बनवणाऱ्यांना साथ द्या. म्हणजे कुलूप फोडणाऱ्यालासुद्धा ठाऊक आहे की पैसे कुणाला जायला हवेत. ही फाइल मी अनेकांना उघडून दाखवली. आधी कुणीच वाचलेली नव्हती.

आता पैशांकडे येऊ. नव्या रायपुरात ट्रिपल आयटी आहे, शहरात एनआयटी आहे. समजा तिथून बाहेर पडलेल्या दोघांनी तीन वर्षं खपून एक गेम केला आणि किंमत ठेवली ५०० रुपये. त्यात १८ टक्के जीएसटी, उरलेल्यातून स्टीमचा ३० टक्के वाटा. हातात येतात साधारण २९७. दोघांचा घरखर्च महिन्याला ४०-४० हजार धरला, तरी तीन वर्षांचे २८ लाख ८० हजार होतात. फक्त तेवढे भरून निघायला जवळजवळ ९,७०० कॉपी पूर्ण किमतीत खपायला हव्यात. यात संगीतकार नाही, आयकर नाही, सेल नाही, आणि स्टीमवर तर बरीच विक्री सेलमध्येच होते. आता जेकबसन यांचा तोच क्षुल्लक वाटणारा १.७४ टक्के इथं लावा. २० हजार चोरट्या डाउनलोडमागे ३४८ कॉपी, म्हणजे लाखाहून थोडे जास्त रुपये. मोठ्या कंपनीत एवढ्यात एका पार्टीचं बिल भागेल. इथं दोघांचा महिनाभराचा खर्च निघाला असता आणि वर काही उरलंही असतं. टक्केवारी लहान आहे, मान्य. पण इंडी डेव्हलपर जगतो किंवा बुडतो तो त्याच टक्क्यांत.

वेळेचाही प्रश्न आहे. विल्यम व्होल्कमन यांनी डेनुवो वापरणाऱ्या ८६ गेमचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. गेम बाजारात येताच क्रॅक झाला तर महसूल सरासरी २० टक्क्यांनी घटतो, आणि बारा आठवड्यांनंतर क्रॅक झाला तर जवळपास काहीच फरक पडत नाही, असं त्यात दिसलं. हे मोठे गेम होते, आकडा जसाच्या तसा लहानांना चिकटवू नये. पण लहान गेमला असं कुलूप बहुधा नसतंच, त्यामुळे तो पहिल्याच दिवशी टॉरेंटवर येऊ शकतो, आणि कमाईचे दिवसही नेमके तेच पहिले असतात.

पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण घ्या. 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' हा त्यांचा गेम: राजी ही मुलगी, हरवलेला भाऊ गोलू, राजस्थानी वास्तूंवरून घेतलेले किल्ले आणि महाल, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली कथा. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. ती पुरी झाली नाही. एका संस्थापकानं काम चालू ठेवायला फ्लॅट विकल्याचं मुलाखतींत आलं आहे. पुढे एपिक गेम्स या कंपनीचं अनुदान मिळालं, प्रकाशक मिळाला, २०२० मध्ये गेम आला आणि त्याच वर्षी 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं. इतकं सगळं जुळून आलं म्हणून आज 'राजी'चं नाव आपल्याला माहीत आहे. यातलं कुठलंच काम टॉरेंटनं केलेलं नाही.

'जाहिरात'वाले मग परदेशी दाखले देतात. पोलंडच्या अ‍ॅसिड विझार्ड स्टुडिओनं 'डार्कवुड' हा गेम स्वतःच पायरेट बे या टॉरेंट साइटवर टाकला नव्हता का? टाकला होता, २०१७ मध्ये. पण त्याआधी २०१३ साली त्यांनी लोकवर्गणी जमवली होती आणि २०१४ पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये, म्हणजे गेम पुरा होण्याआधीच, विक्री चालू होती. शिवाय गेम त्यांचा, वाटायचा की नाही हे त्यांनी ठरवलं. तुम्ही ठरवलं नाही.

मला विचाराल तर ऑस्ट्रेलियाच्या ग्रीनहार्ट गेम्सचा किस्सा सांगा. दोघा भावांची ही कंपनी. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी 'गेम डेव्ह टायकून' विक्रीला आणला आणि त्याच दिवशी एक 'क्रॅक' कॉपी स्वतःच टॉरेंटवर सोडली. गेममध्ये खेळाडू गेम बनवणारी कंपनी चालवतो. या खास कॉपीत थोड्या वेळानं निरोप येऊ लागतो, की तुमचे गेम लोक फुकट उतरवतायत, आणि कंपनी दिवाळखोरीत जाते. पहिल्या दिवशी २१४ जणांनी विकत घेतला, किमान ३,१०४ जण चोरटी कॉपी खेळत होते. त्यातल्या काहींनी मग इंटरनेटवर तक्रार केली: लोक माझे गेम चोरतायत, हे थांबवायला गेममध्ये काही संशोधन करता येतं का? यावर मी काही बोलत नाही.

बाकीचे समज पटापट.

"आम्हाला परवडत नाही, रुपयांत किंमतच नसते." स्टीमवर रुपयांत किमती नोव्हेंबर २०१५ पासून आहेत. ६० डॉलरवाले गेम आजही महाग आहेत, हे खरं. पण आपण बोलतोय ते लहान गेम त्यातले नव्हेत.

"आधी बघतो, आवडला तर घेतो." स्टीमवर विकत घेतल्यापासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात. ही सोय २०१५ पासून आहे. अनेक लहान गेमचा डेमोही फुकट असतो.

"घरात खेळलं तर गुन्हा कसला?" कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो. त्याची बेकायदा कॉपी माहीत असूनही वापरणं हा कलम ६३ब खाली गुन्हा आहे. नफ्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं, एवढीच सवलत. पोलीस घरी येत नाहीत ही गोष्ट वेगळी.

"विकत घेतलेल्याचीसुद्धा कॉपी ठेवता येत नाही म्हणे." येते. कलम ५२(१)(कक) खाली कायदेशीर प्रत बाळगणारा माणूस बॅकअप घेऊ शकतो.

"मोबाइलवर कोण पैसे देतं?" 'मॉन्युमेंट व्हॅली' या गेमच्या कंपनीनं २०१५ च्या जानेवारीत सांगितलं, की अँड्रॉइडवरच्या फक्त ५ टक्के इन्स्टॉलचे पैसे मिळाले. बाकीचे सगळे चोर नव्हेत, एकाच माणसाची दोन उपकरणंही त्यात आली, हेही त्यांनीच नंतर स्पष्ट केलं.

"अमुक रिपॅकवाला विश्वासू आहे." असेल. पण अँटिव्हायरस बनवणाऱ्या अवास्टनं २०२१ मध्ये उघड केलेला 'क्रॅकोनॉश' हा मालवेअर क्रॅक गेममधूनच पसरला. दोन लाख २२ हजारांहून अधिक संगणक, विंडोजचं संरक्षण बंद आणि मालकाच्या विजेवर क्रिप्टोचलनाचं खाणकाम. कॅस्परस्कीनं शोधलेल्या, २०२४ च्या ३१ डिसेंबरला सुरू झालेल्या तशाच हल्ल्यात आमिष म्हणून ठेवलेल्यांत 'डायसन स्फिअर प्रोग्रॅम' हा लहान चिनी स्टुडिओचा गेमही होता. म्हणजे मेहनत लुबाडली ती लुबाडली, वर नावही बदनाम.

एका समजाला मात्र एका ओळीत गुंडाळता येणार नाही, कारण तो प्रामाणिक माणसांचा आहे. "मी क्रॅक नाही वापरत, स्वस्तात की घेतो." की म्हणजे गेम चालू करण्याचा कोड. पण अनोळखी विक्रेत्यांच्या बाजारातल्या काही की चोरीच्या क्रेडिट कार्डावर थेट डेव्हलपरच्या साइटवरून उचललेल्या असतात. कार्डाचा मालक बँकेत तक्रार करतो, बँक पैसे परत ओढते, दंड डेव्हलपरच्या माथी. 'फॅक्टोरिओ' बनवणाऱ्या प्रागच्या वूब सॉफ्टवेअरनं हे प्रकरण लावून धरलं. शेवटी जीटूए या बाजारानं २०२० मध्ये अशा १९८ की विकल्या गेल्याचं मान्य करून सुमारे ३९,६०० डॉलर भरपाई दिली. 'नो मोअर रोबॉट्स' या गेम-प्रकाशन कंपनीचे माइक रोझ तर २०१९ मध्ये म्हणाले होते, की तिथून घेण्यापेक्षा आमचा गेम सरळ पायरेट करा. क्रॅकवाले हे वाक्य मला मोठ्या आनंदानं ऐकवतात. त्याचा अर्थ एवढाच, की पायरसीत त्यांना काहीच मिळत नाही आणि चोरीच्या कीमध्ये पदरचे जातात.

तेव्हा खिशात पैसे नसतील तर गेम विशलिस्टमध्ये टाका. त्याला एक पैसा लागत नाही, दुकानाच्या लेखी त्याची नोंद होते, आणि सेल लागला की स्टीम स्वतःहून मेल पाठवतं. सेल वर्षातून अनेकदा लागतो. तोवर आधी उतरवून ठेवलेल्या त्या पस्तीस गेमचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा.